आशालता वाबगावकर : ‘मत्स्यगंधे’पासून लोणंदपर्यंत

पुणे-मिरज लोहमार्गावरील लोणंद हे गाव कांद्याची बाजारपेठ आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम यांसाठी सर्वपरिचित आहे. अलीकडच्या वर्षांत सातारा जिल्ह्यातील या परिसरात मालिकांची चित्रीकरणेही होऊ लागली. लोणंदजवळच्या हिंगणगाव (ता. फलटण) येथे सप्टेंबर २०२० मध्ये ‘आई माझी काळूबाई’ या मालिकेचे चित्रीकरण सुरू असताना करोनाची लागण झाली आणि त्यातच ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे २२ सप्टेंबर रोजी साताऱ्यात निधन झाले. त्या ७९ वर्षांच्या होत्या. संगीत रंगभूमीपासून दूरचित्रवाणीपर्यंत पसरलेली साडेपाच दशकांहून अधिक काळाची कारकीर्द अशी ऐन कामात थांबली.

आशालताबाई मूळच्या गोव्याच्या. शिक्षण मात्र मुंबईत झाले. गळा गोड होता आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्यांनी कोकणी गाणी गायिली होती. गोवा हिंदु असोसिएशनच्या कलाविभागाने त्यांना रंगमंचावर आणले. ‘संशयकल्लोळ’मधील रेवतीनंतर १ मे १९६४ रोजी वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आले आणि सत्यवतीच्या भूमिकेने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. पराशराच्या भूमिकेत रामदास कामत होते, तर संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे होते. संगीत नाटकाचे दिवस सरले, असे म्हटले जात असतानाच्या काळात या नाटकाने प्रेक्षकांना पुन्हा पदांकडे वळविले. कोळ्याची अल्लड पोर ते हस्तिनापूरची राजमाता हा प्रवास एकाच नाटकात उभा करणे सोपे नव्हते आणि गायिका-अभिनेत्रीच्या दृष्टीने तर ती दुहेरी परीक्षा होती. पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘गर्द सभोवती’ हे नाव दिले. ते याच नाटकातील त्यांच्या पदावरून घेतलेले आहे. इतके काम करूनही सत्यवती त्यांच्यासोबत राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदी चित्रपटाचे दार त्यांना बासू चटर्जी यांनी उघडून दिले. शरच्चंद्रांच्या कथेवर आधारलेल्या ‘अपने पराये’मध्ये (१९८०) शबाना आझमी, अमोल पालेकर, उत्पल दत्त अशा नटांच्या मेळ्यात त्या ठळकपणे उठून दिसल्या. ‘वो सात दिन’, ‘अंकुश’ हे त्यानंतरचे चित्रपट. डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’तही (१९८२) त्या होत्या. हिंदी-मराठी मिळून त्यांच्या चित्रपटांची संख्या शंभरावर गेली. मात्र पडद्यावर त्यांच्या वाट्याला आल्या त्या बहुतेक आई, वहिनी, सासू, मावशी अशाच भूमिका. चाळिशीकडे झुकलेल्या गुणी अभिनेत्रीला दुसरे काही द्यावे, असे आपल्या निर्मात्यांना क्वचितच सुचते. अर्थात हा केवळ आपल्याकडचाच प्रकार नाही. जपानच्या किरिन किकी यांनी १९७४ मधील एका दूरचित्रवाणी मालिकेत वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी आजी रंगविली होती! फरक इतकाच, की जपानी दिग्दर्शकांनी त्यांच्या उतारवयात त्यांना मध्यवर्ती भूमिका दिल्या. आशालताबाईंच्या गळ्याचा तर चित्रपटाने फारसा उपयोगच करून घेतला नाही.

मालिका मात्र ज्येष्ठांवाचून चालत नाहीत. टाळेबंदीनंतर राज्य शासनाने चित्रीकरणास परवानगी दिली, तेव्हा ६५ वर्षांवरील कलावंतांना मज्जाव करणारी अट घातली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑगस्ट २०२० रोजी ती रद्द ठरविली. त्या वयाचा दुकानदार दुकान उघडू शकतो, मग नटानेच घरी का बसावे, असा त्या वादाचा गाभा होता. ज्यांचे पोट रोजच्या कामावर आहे त्यांच्यासाठी तो निकाल दिलासा होता आणि तो चुकला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण काम करण्याचा हक्क मिळाला, तरी त्या वयाला लागणारे संरक्षण त्याबरोबर आपोआप येत नाही. चित्रीकरणात संवाद म्हणताना मुखपट्टी काढावीच लागते. शिवाय माणसांचा राबता मोठा. लस तेव्हा उपलब्ध नव्हती.

मांढरदेवच्या काळूबाईवरील या मालिकेची निर्मिती अलका कुबल यांची होती. मालिकेच्या संचातील वीसहून अधिक जणांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले आणि चित्रीकरण थांबवावे लागले. आशालताबाईंवर साताऱ्यातील रुग्णालयात उपचार सुरू होते. अखेरच्या दिवसांत अलका कुबल यांनी त्यांची देखभाल केली. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या रंगभूमीने घडविलेल्या या अभिनेत्रीवर अंत्यसंस्कारही साताऱ्यातच झाले.