एचआयव्हीची गोळी आणि थकवा : थोडा इतिहास

एचआयव्हीवरचं पहिलं औषध अमेरिकेत मार्च १९८७ मध्ये मंजूर झालं. एझेडटी, म्हणजे झिडोव्हुडिन. ते दर चार तासांनी घ्यायचं. रात्रीसुद्धा. लोक गजर लावून झोपायचे, उठून कॅप्सूल गिळायचे, पुन्हा आडवे व्हायचे. डोस एवढा जबर की हिमोग्लोबिन घसरायचं आणि काहींना रक्त चढवावं लागायचं. म्हणजे ‘या औषधाने अंगात त्राण राहत नाही’ ही तक्रार औषधाइतकीच जुनी आहे. तिला मनाचे खेळ म्हणून कुणी उडवून लावत असेल तर त्याला इतिहास माहीत नाही.

आज हे लिहायचं कारण एक फोन. आपल्याच भागातला वाचक. ओळख पटेल असं काहीही लिहीत नाही. काही वर्षं गोळी चालू आहे, रिपोर्ट चांगले आहेत. त्याचं म्हणणं एवढंच, “साहेब, कामावर उभं राहवत नाही. सहा महिने बंद करून बघू का?” मी डॉक्टर नाही, सेंटरवर जाऊन बोला, एवढंच सांगू शकलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून थोडं मागे जाऊन वाचलं.

१९९६ साली तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली आणि श्रीमंत देशांत मरणारी माणसं अंथरुणातून उठून कामाला लागली. पण खर्च वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर. आपल्याकडे तेवढ्यात कुणाचा फ्लॅट झाला असता. मग फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने, युसूफ हमीद यांनी, हाच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला देऊ केला. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. तिन्ही औषधं एकाच गोळीत, सकाळ-संध्याकाळ एकेक. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, ते फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, म्हणून हे जमलं. जगभरच्या गरिबांना वाचवणारी गोळी मुंबईच्या कंपनीने दिली, हे आपण फारसं सांगत नाही. आजाराचं नाव घ्यायचं नसतं ना!

सरकारने मोफत औषध सुरू केलं ते १ एप्रिल २००४ ला. देशात फक्त आठ केंद्रं, त्यातलं एक जे. जे. रुग्णालय. भाईंदरहून लोकल धरायची, मुंबई सेंट्रलला उतरून बस, रांग, रक्त, समुपदेशन, पुन्हा लोकल. एक दिवसाची मजुरी गेलीच. आणि ही वारी करायची ज्याच्या सीडी-४ पेशी २०० च्या आसपास किंवा खाली आल्या आहेत अशा, आधीच खंगलेल्या माणसाने.

तेव्हाच्या गोळीत बहुधा स्टाव्हुडिन असायचं. हिमोग्लोबिन बरं असेल तर झिडोव्हुडिन, कमी असेल तर स्टाव्हुडिन, असा साधारण नियम. स्टाव्हुडिनने जीव वाचवले, पण किंमतही घेतली. तळपायाला मुंग्या आणि आग. गाल बसायचे, हातापायांवरची चरबी जाऊन शिरा दिसायच्या. माणूस बरा झालेला असायचा, पण ज्याला माहीत आहे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. चाळीत राहणाऱ्याने रिपोर्ट कपाटात लपवला तरी गाल कुठे लपवणार? काहींच्या रक्तात लॅक्टिक ॲसिड साठायचं. त्याचं पहिलं लक्षण म्हणजे कारण न कळणारा थकवा आणि मळमळ, आणि ते जिवावर बेतायचं. रुग्ण वर्षानुवर्षं हे सांगत होते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टाव्हुडिन हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं. तक्रार खरी निघाली. आणि त्यावर उपाय काय झाला तर औषध बदललं. थांबवलं नाही.

थांबवून बघायचा प्रयोगही होऊन गेलाय, हे मला या वाचनात नीट कळलं. तेव्हा ‘ड्रग हॉलिडे’ ही कल्पना जोरात होती. शरीराला औषधांपासून सुट्टी द्यावी, दुष्परिणाम कमी होतील, पैसे वाचतील. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ‘स्मार्ट’ नावाच्या अभ्यासात ३३ देशांतले ५,४७२ रुग्ण घेतले. अर्ध्यांना सलग गोळ्या. उरलेल्यांच्या सीडी-४ पेशी ३५० च्या वर असतील तर गोळ्या बंद, २५० च्या खाली गेल्या की पुन्हा चालू. जानेवारी २००६ मध्ये हा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. सुट्टी घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त. ज्या हृदय, मूत्रपिंड, यकृताच्या त्रासाचा दोष औषधांवर ठेवला जात होता, तो त्रासही गोळी थांबवणाऱ्यांनाच जास्त झाला. आणि फोनवरच्या माणसासाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: गोळ्या बंद करून त्या लोकांना जास्त तरतरीत वाटलं, असंही दिसलं नाही.

असं का होतं? गोळी विषाणूला मारून संपवत नाही, दाबून ठेवते. थांबवली की साधारण दोन-चार आठवड्यांत तो रक्तात परत येतो. त्यात आणखी एक भानगड. नेव्हिरापिन, एफाव्हिरेन्झ ही औषधं थांबवल्यावरही बरेच दिवस रक्तात रेंगाळतात, जोडीची मात्र लवकर निघून जातात. विषाणूसमोर एकटं औषध उरतं आणि तो त्याला सरावतो. पुढे तीच गोळी चालू केली तरी लागू पडेल याची खात्री नाही. कुणाला सोबत हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोव्हिर-लॅमिव्हुडिन अचानक थांबवल्यावर यकृताचा आजार उसळू शकतो. तो धोका वेगळाच.

एक मात्र मला मान्य आहे. २००४ ला गोळी घेणारा माणूस मरणाच्या दारातून परत येत होता, त्याला गोळीचा गुण डोळ्यांना दिसत होता. २०१७ पासून आपल्याकडे तपासणीत सापडला की लगेच उपचार, पेशी कितीही असोत. हे योग्यच आहे. पण आजचा रुग्ण धडधाकट असताना गोळी सुरू करतो. त्याला गुण दिसतो तो फक्त व्हायरल लोडच्या कागदावर, आणि त्रास दिसतो तो अंगावर. मग गोळीच वैरीण वाटू लागते. मराठीत थकवा वेगळा आणि कंटाळा वेगळा. रोज रात्री लपून गोळी घ्यायचा, डब्यावरचं लेबल खरवडायचा जो वैताग आहे, त्यालाही माणूस थकवाच म्हणतो. समुपदेशकाने हे दोन वेगळे करून विचारायला हवेत. रांग मोठी असली की विचारले जात नाहीत.

थकव्याची कारणं शोधता येतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, लपलेला क्षय, झोप, नैराश्य. जुन्या गोळीत एफाव्हिरेन्झ असेल तर गरगरणं, विचित्र स्वप्नं, सकाळी सुस्ती. हल्लीच्या डोल्युटेग्राव्हिरने काहींची झोप उडते, त्यांना गोळीची वेळ बदलून फरक पडू शकतो. हे सगळं डॉक्टरशी बोलून ठरवायचं. “मी बंद करायच्या विचारात आहे” हे वाक्य तिथे स्पष्ट म्हणायला लाजू नये. ते ऐकल्यावर रागावणारा डॉक्टर भेटला तर दुसरा गाठावा.

सुट्टी मागायला लोक घाबरतात, तेही खरं. १९९७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येणार नाही. २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात खासगी मालकही येतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एकदम काही महिन्यांच्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली, त्यामुळे फेऱ्या कमी होऊ शकतात. आपल्या सेंटरवर ही सोय मिळते का, हे विचारून घ्यावं. कारखान्यात पाळी करणाऱ्याला एक वाचलेली फेरीही मोठी असते.

आणि २०२२ च्या जुलैत दिल्लीत नॅकोच्या कार्यालयासमोर रुग्ण धरणं धरून बसले होते, कित्येक आठवडे. मागणी काय, तर केंद्रांवर औषधं संपलीत, आम्हाला गोळ्या द्या. ती गोळी काय चीज आहे हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कुणाला नाव न सांगता विचारायचं असेल तर १०९७ हा सरकारी मोफत नंबर आहे.