आखाजीला न्यायला कोण येणार?

वैशाख लागला की रनाळे स्टेशनावर गाडीतून पिशव्या, पोरं आणि बाया उतरू लागतात. आखाजी जवळ आली हे कॅलेंडर न बघता कळतं. बाकीचा महाराष्ट्र तिला अक्षय्य तृतीया म्हणतो आणि सोनं घ्यायला जातो. आपल्या खानदेशात ती लेकीनं माहेरी यायची. आज या येण्या-जाण्याचाच इतिहास आम्ही सांगणार आहोत.

सण वैशाखातच का? कारण शेत रिकामं असतं. कापूस वेचून झालेला, दाणे घरात आलेले, पेरणीला अजून अवकाश. सुनेच्या हातांची गरज सासरला तेव्हाच सगळ्यांत कमी. आखाजीलाच सालदाराचं साल संपायचं. तो हिशेब करून आपल्या घरी जायचा, पुढच्या सालाची बोलीही तेव्हाच व्हायची. म्हणजे वर्षभर दुसऱ्याच्या घरात राबणारी दोन माणसं, सालदार आणि सून, एकाच दिवशी मोकळी व्हायची. सालदाराची निदान बोली तरी व्हायची!

सुनेला आपल्या मनानं निघता येत नसे. माहेरचा मुराळी यावा लागे, भाऊ नाहीतर बाप, आणि सासूनं हो म्हणावं लागे. बहिणाबाई चौधरींचं बघा. जन्म १८८० चा, माहेर असोदे, सासर जळगाव. सकाळी पायी निघालं तर न्याहारीच्या वेळेला पोचावं एवढंच अंतर. तरी त्यांच्या गाण्यांत माहेर किती लांब वाटतं! अंतर कोसांचं नव्हतं, परवानगीचं होतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली. आखाजीही त्यांत आहे. बायांचा इतिहास शोधायचा तर असाच, गाण्यांत शोधावा लागतो.

माहेरी आल्यावर काय, तर लिंबाला झोका, गौराईची गाणी, खापरावरची पुरणपोळी, आमरस. पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, चुलीत आगारी टाकायची. पुरुष पत्ते कुटायला मोकळे. आणि रांधायचं कुणी? लेकी यायच्या त्याच दिवशी सुनांनाही आपापल्या माहेरी जायचं असे. सुना गेल्या तर लेकींना वाढणार कोण? मग कुठं सुनेचं जाणं चार दिवस पुढं ढकललं जायचं, कुठं म्हातारी माय एकटीच चुलीपुढं बसायची. या भांडणाचं गाणं मात्र आम्ही ऐकलेलं नाही.

१९०० च्या सुमारास सुरत-जळगाव रेल्वे झाली. तापी व्हॅली रेल्वे तिचं नाव. बैलगाडीचा दिवसभराचा रस्ता काही तासांवर आला. पुढं याच रेल्वेनं आपली माणसं सुरतेच्या कापडाच्या कारखान्यांत गेली. आता नुसती लेक येत नाही, सगळं बिऱ्हाडच सुट्टीला गावी येतं. सातपुड्यातल्या आदिवासी घरांत परतायचा मोठा सण होळी. कामासाठी गुजरातेत गेलेली माणसं होळीला पाड्यावर यायला धडपडतात.

आता जरा अवघड गोष्ट. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या वाट्यात लेकीला हिस्सा दिला. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित जमिनीतही तिला मुलाबरोबरीचा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो हक्क सगळ्या लेकींना मिळाला, लग्न झालेल्यांनाही. बाप त्या दिवशी हयात नसला तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. आदिवासी बहिणींना हा कायदा सरळ लागू होत नाही, त्यांच्याकडं अजून रूढी बघितली जाते.

आणि सगळ्या बहिणी एकत्र कधी सापडतात? आखाजीला. पुरणपोळी झाली की हक्कसोडीचा कागद पुढं येतो. "ताई, तुला कुठं कसायचंय? साडी-चोळी आहेच की." आमच्यातल्या बऱ्याच जणींनी सही केली. जमिनीपेक्षा उंबरा मोठा वाटला. त्यांना आम्ही नावं ठेवत नाही.

आमच्यातली एक मात्र "विचार करून सांगते" म्हणाली आणि सही न करता परतली. पुढच्या वर्षी तिला न्यायला कुणी आलं नाही. दोन आखाज्या तिनं सासरीच काढल्या. तिसऱ्या वर्षी ती स्वतःच तिकीट काढून आली, स्टेशनावरून चालत घरी गेली. भाऊ ओट्यावर होता. काही बोलला नाही, उठून आत गेला. भावजय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. म्हणाली, "या वर्षी मी पण जाणार आहे माझ्या माहेरी. तुम्ही आल्या ते बरं झालं, आईंना हात होईल."

पुरणपोळ्या दोघींनी मिळून केल्या. मग भावजय संध्याकाळच्या गाडीनं गेली.