छप्पनियाच्या साली

आमच्या घराण्याच्या जुन्या वहीत आजोबांच्या जन्माची तिथी नाही. ‘संवत १९५६, मारवाड’ एवढीच नोंद आहे. ज्येष्ठ वाचकांना अधिक सांगावयास नको. हेच ते ‘छप्पनिया’चे साल, म्हणजे इसवी सन १८९९-१९००.

मारवाडास दुष्काळ नवा नव्हता. पाऊस हुकला की गुरे हाकीत माळव्यात जावयाचे व पुढच्या पावसास परतावयाचे, ही पिढ्यानपिढ्यांची रीत होती. १८९९ साली माळवाही कोरडा निघाला आणि ही वाटच खुंटली. धान्य, पाणी व चारा ही तिन्ही एकदम संपली, म्हणून लोक त्यास ‘त्रिकाळ’ म्हणत. गुरे तर वाटेतच मेली. माणसांनी खेजडीची साल दळून खाल्ली. १९०० साली देशभर ६० लाखांवर माणसे सरकारी मदतीवर जगत होती. जोधपूर संस्थानची लोकसंख्या १८९१ साली २५ लाखांवर होती, ती १९०१ च्या शिरगणतीत १९ लाखांवर आली. अशा वर्षी जन्मलेले मूल जगले, हेच नवल.

पुढे पणजोबांनी दक्षिणेची वाट धरली. दुष्काळाची झळ इकडेही होतीच. परंतु दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ पासून सुरू होता आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आपली माणसे आधीच स्थिरावली होती.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. १८७५ साली सुपे येथे व पाठोपाठ पुणे-नगर जिल्ह्यांतील अनेक गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या सावकारांत मारवाडी व गुजराती पुष्कळ होते, आणि व्याजाचा जाचही खरा होता. पंचवीस वर्षांनी आलेल्या पणजोबांकडे गावाने प्रथम त्याच नजरेने पाहिले असल्यास त्यात गावाचा दोष नाही. त्यांनी सावकारी केली नाही. खांद्यावर गठ्ठा घेऊन आठवडे बाजारांत कापड विकले. धंद्यासही काळ अनुकूल नव्हता. मँचेस्टरच्या मालास देशी माल भारी पडू नये, म्हणून १८९६ पासून येथील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर होता, आणि त्याच वर्षी मुंबईत शिरलेला प्लेग पुढे गावोगावी बाजार ओस पाडीत होता.

दुष्काळाच्या अखेरीस, २७ जुलै १९०० रोजी, याच जिल्ह्यातील चिचोंडी येथे आचार्य आनंदऋषीजी महाराजसाहेबांचा जन्म झाला. आजोबा त्यांचा उल्लेख नेहमी हात जोडून, ‘आमच्या सालचे’ असा करीत.