दात्र-कोशिका रोग : पूर्व विदर्भातील निदान व चिकित्सा यांचा इतिहास

दात्र-कोशिका रोग : (सिकलसेल). रक्तातील हीमोग्लोबिन या रंगद्रव्याच्या आनुवंशिक दोषामुळे उद्‌भवणारा व आयुष्यभर टिकणारा रोग. दात्र म्हणजे विळा. ऑक्सिजनाचे प्रमाण घटले म्हणजे या रोगातील तांबड्या कोशिका आपला वाटोळा व लवचिक आकार सोडून विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून रक्तप्रवाह रोखतात आणि अकाली नाश पावतात. निरोगी तांबडी कोशिका सु. १२० दिवस जगते; या रोगात तिचे आयुष्य बहुधा १० ते २० दिवसांचे असते. त्यामुळे पांडुरोग (रक्तक्षय) व कावीळ ही लक्षणे कायमची जडतात. रोग रक्ताचा असला, तरी रुग्ण वैद्याकडे येतो तो पुष्कळदा हाडे, सांधे वा पोट यांच्या दुखण्यासाठी. ही दुखणी इतर नेहमीच्या विकारांसारखीच दिसत असल्याने त्यांच्या मुळाशी असलेला रक्तदोष ओळखणे दीर्घकाळ कठीण राहिले.

प्रदेश : महाराष्ट्रात हा रोग मुख्यतः विदर्भाचा पूर्व भाग व सातपुड्याचा आदिवासी पट्टा यांत आढळतो. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा लाखांदूर तालुका या पूर्वेकडील पट्ट्यात मोडतो. वैनगंगा व चुलबंद या नद्यांच्या खोऱ्यातील हा भाताचा प्रदेश असून त्याच्या सीमा गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांना भिडतात. तलाव, भातखाचरे व जंगल यांमुळे हिवतापाचा उपद्रव या भागास पूर्वापार आहे. दात्र-जनुकाचा एकच अंश बाळगणाऱ्या वाहकास फॅल्सिपेरम जातीच्या घातक हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहिले, याचा उलगडा त्यावरून होतो. पूर्व विदर्भात गोंड, परधान इ. आदिवासी जमातींबरोबरच पूर्वीचा महार व आताचा बौद्ध समाज, तसेच कुणबी, तेली इ. समाजांतही वाहक आढळतात. हा रोग एखाद्या जातीचा वा जमातीचा आहे, ही समजूत म्हणून चुकीची असून तिच्यामुळे इतर समाजांतील रुग्णांचे निदान लांबते.

आनुवंशिकता : आई व वडील या दोघांकडून दोषयुक्त जनुक आल्यास अपत्यास रोग होतो; एकाकडूनच आल्यास अपत्य केवळ वाहक होते. वाहकास बहुधा कोणताही त्रास होत नाही व आपण वाहक आहोत हे रक्ततपासणीविना त्यास कळत नाही. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्यास रोग होण्याचा संभव २५ टक्के, वाहक होण्याचा ५० टक्के व पूर्णपणे निर्दोष असण्याचा २५ टक्के असतो.

शोधाचा इतिहास : या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात त्यांना लांबट, विळ्याच्या आकाराच्या कोशिका दिसल्या होत्या. ऑक्सिजनाच्या अभावी कोशिका वाकतात, हे हान व गिलेस्पी यांनी १९२७ मध्ये सिद्ध केले. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये विद्युत् संचारण पद्धतीने रुग्णाचे हीमोग्लोबिन निरोगी हीमोग्लोबिनाहून वेगळे असल्याचे दाखवून दिले. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूच्या रचनेत सापडल्याचे हे पहिले उदाहरण होय. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६–५७ मध्ये हा फरक नेमका कोठे आहे ते शोधून काढले. हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते; एवढ्या एका बदलावर सर्व व्याधी अवलंबून असते.

भारतात हा दोष आहे, हे १९५२ मध्ये उजेडात आले. त्या वर्षी लेहमन व कटबुश यांनी निलगिरीतील जमातींत, तर डनलॉप व मजुमदार यांनी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत दात्र-कोशिका आढळल्याचे प्रसिद्ध केले. मध्य भारताविषयीची माहिती नागपूरहून आली. शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील वाहकांसंबंधी व त्याच वर्षी परांदे यांच्यासह भारतातील प्रत्यक्ष रोगासंबंधी निबंध प्रसिद्ध केले. विदर्भातील या रोगाच्या अभ्यासाचा पाया या निबंधांनी घातला. राज्याच्या आदिवासी भागांत रक्ततपासणी व उपचार यांचे कार्य पुण्याचे सुदाम काटे यांनी दीर्घकाळ केले; त्याबद्दल त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. आफ्रिकेतील व भारतातील दोष एकाच मूळ बदलातून आले की स्वतंत्रपणे उद्‌भवले, हा प्रश्न वादग्रस्त आहे. १९८६ मध्ये कुलोझिक व सहकारी यांनी जनुकाच्या परिसरातील खुणांवरून आशियाई दोष स्वतंत्र असल्याचे मत मांडले. तथापि २०१८ मधील एका संशोधनात सर्वांचे मूळ एकच असल्याचे प्रतिपादन आहे.

हाडे व सांधे यांतील विकार : सहा महिन्यांपासून सु. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांत हातापायांची बोटे व पंजे एकाएकी सुजून दुखू लागतात. पुष्कळदा हेच रोगाचे पहिले चिन्ह असते. परंतु मार लागला किंवा कीटक चावला असे समजून त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. मोठ्या मुलांत मांड्या, पाय, पाठ व सांधे यांत तीव्र वेदनांचे झटके येतात. थंडी, ताप, अंगातील पाणी कमी होणे व अतिश्रम ही त्यांची नेहमीची निमित्ते होत. पावसात व चिखलात उभे राहून करावी लागणारी रोवणी आणि ऐन उन्हाळ्यातील तेंदूपत्त्याची तोडणी ही या भागातील कष्टाची कामे म्हणूनच रुग्णास बाधक ठरू शकतात.

सांधेदुखी, ताप व हृदयाचा मर्मरध्वनी ही लक्षणे एकत्र आली, तर संधिवाती ज्वराचा संशय येतो. पांडुरोगामुळेही असा मर्मरध्वनी ऐकू येत असल्याने दोहोंत गल्लत होणे सोपे असते. एखादे हाड दुखून लाल झाले व ताप आला, तर रक्तपुरवठा तुटल्याने झालेली हाडाची इजा आणि जंतूंमुळे झालेला अस्थिमज्जाशोथ यांत भेद करणे अनुभवी वैद्यालाही अवघड जाते. पहिला प्रकार बराच अधिक आढळतो. दुसऱ्या प्रकारात साल्मोनेला गटाचे जंतू विशेषेकरून सापडतात. तरुण वयात मांडीच्या हाडाचे शीर्ष रक्तपुरवठ्याअभावी मृत होऊन खचते आणि रुग्ण लंगडू लागतो. आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात हा बदल दिसत नाही, चुंबकीय अनुस्पंदन चित्रणात मात्र तो लवकर कळतो. चाळिशीच्या आतील रुग्ण खुब्याच्या अशा दुखण्यासह आला, तर या भागात त्याचे हीमोग्लोबिन तपासणे अगत्याचे ठरते.

उदरातील विकार : पोटातील वेदनांचे झटके शस्त्रक्रिया आवश्यक असलेल्या तीव्र उदरविकारासारखेच भासतात. आंत्रपुच्छशोथ समजून पोट उघडावे आणि आत काहीच सापडू नये, असा प्रसंग या रोगात येऊ शकतो. रोग माहीत नसताना दिलेली भूल व शस्त्रक्रियेच्या वेळी कमी पडलेला ऑक्सिजन हे रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात. याउलट, रोग माहीत आहे म्हणून पोटाची प्रत्येक कळ त्याच्याच माथी मारल्यास खराखुरा आंत्रपुच्छशोथ नजरेतून निसटतो. अंग व पाय यांतही नेहमीसारख्या वेदना असणे, आतड्यांचे आवाज ऐकू येणे व पाणी आणि वेदनाशामके दिल्यावर आराम पडणे या गोष्टी झटक्याकडे बोट दाखवितात. एका जागी स्थिरावलेली व वाढत जाणारी वेदना असल्यास शल्यचिकित्सकाचे मत तातडीने घ्यावे लागते.

कोशिकांच्या सततच्या नाशामुळे पित्तरंजक द्रव्य वाढते व लहान वयातच पित्ताशयात खडे होतात. ते सोनोग्राफीत सहज दिसतात. बालकांत प्लीहेमध्ये रक्त एकाएकी साचून पोट फुगते व काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. म्हणून बाळाची प्लीहा कशी चाचपावी हे आईला शिकविणे हा उपचाराचाच भाग मानला जातो. अमेरिका व आफ्रिका येथील रुग्णांत प्लीहा लहानपणीच आक्रसून जाते, तर भारतीय रुग्णांत ती मोठी होऊन पुढील वयातही टिकते. वाढलेली प्लीहा हिवतापातही आढळत असल्याने या लक्षणाचा अर्थ रक्त तपासल्याखेरीज लागत नाही.

निदान : काचपट्टीवरील रक्ताच्या थेंबास हवा लागू न देता काही तासांनी कोशिकांचा आकार पाहणे ही जुनी पद्धती होय. १९४८ पासून मेटाबायसल्फाइट वापरून हाच निष्कर्ष लवकर मिळू लागला. सर्वेक्षणासाठी विद्राव्यता चाचणी सोयीची ठरली. बोटातील रक्ताचा थेंब विशिष्ट विद्रावात टाकल्यावर तो गढूळ झाला, तर दात्र-हीमोग्लोबिन आहे असे समजते. मात्र व्यक्ती रुग्ण आहे की वाहक, हे या चाचणीने कळत नाही. शिवाय पहिल्या सहा महिन्यांत गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन अधिक असल्याने तिच्यावर विसंबता येत नाही. निश्चित निदानासाठी विद्युत् संचारण अथवा उच्च कार्यमान द्रव वर्णलेखन आवश्यक असते. लाखांदूर हे गाव नागपूरपासून रस्त्याने शंभर किमी.हून दूर आहे. दुखणे गावात व प्रयोगशाळा शहरात, या अंतराने अशा भागांत निदानाला विलंब होत असे. अलीकडील जागच्या जागी वापरावयाच्या संचांनी काही मिनिटांत रुग्ण व वाहक वेगळे ओळखता येऊ लागल्याने हे अंतर कमी होत आहे.

चिकित्सा : झटक्यात भरपूर द्रव, ऊब, विश्रांती व पुरेशी वेदनाशामके देतात, बर्फाचा शेक टाळतात. फॉलिक अम्ल नियमित दिले जाते. पाच वर्षांखालील बालकांना रोज पेनिसिलीन दिल्यास घातक जंतुसंसर्ग बराच टळतो, हे १९८६ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. हायड्रॉक्सियूरिया हे औषध वेदनांचे झटके कमी करते, असे १९९५ च्या अमेरिकी चाचणीत दिसून आले व १९९८ मध्ये तेथे त्यास मान्यता मिळाली. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन तुलनेने अधिक असल्याने येथील रोग सौम्य असतो, असे पूर्वी मानीत. नागपूर येथील बालरुग्णांच्या निरीक्षणांनी हे मत सरसकट खरे नसल्याचे दाखविले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागपूर येथील अभ्यासात शरीरवजनाच्या दर किग्रॅ.मागे रोज १० मिग्रॅ. इतकी अल्प मात्राही तीव्र रोग असलेल्या मुलांना उपकारक ठरली. अल्प मात्रेमुळे खर्च व रक्ततपासण्यांचा बोजा कमी होतो, ही गोष्ट ग्रामीण भागाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्रास देणारे पित्ताशयातील खडे दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून पित्ताशयासह काढतात. खचलेल्या खुब्यासाठी कृत्रिम सांधा बसवितात. शस्त्रक्रियेपूर्वी आवश्यकतेनुसार रक्त देतात. अस्थिमज्जा प्रतिरोपणाने रोग बरा होऊ शकतो. जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका यांनी मान्यता दिली. तथापि त्याचा खर्च सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

शासकीय कार्यक्रम : महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००८-०९ पासून सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व त्याची व्याप्ती पुढे भंडाऱ्यासह विदर्भातील इतर जिल्ह्यांपर्यंत वाढविण्यात आली. विद्राव्यता चाचणीने प्राथमिक तपासणी, विद्युत् संचारणाने निश्चिती, औषधोपचार व समुपदेशन असा त्याचा क्रम आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात या रोगाचा अंतर्भाव झाल्याने बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या रुग्णाच्या अक्षमतेला कायद्याची मान्यता मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल पांडुरोग निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सु. सात कोटी लोकांची तपासणी करणे व २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपविणे, ही त्याची उद्दिष्टे होत. विवाहापूर्वी रक्त तपासून घ्यावे, यावर या सर्व प्रयत्नांत भर असतो. परंतु वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न मोडण्याच्या भीतीने अनेक कुटुंबे तपासणी टाळतात किंवा तिचा निष्कर्ष लपवितात. वाहक हा रुग्ण नव्हे, तसेच वाहक व निर्दोष व्यक्ती यांच्या अपत्यास हा रोग होत नाही, हे घरोघरी पटल्यावाचून तपासणीचा हेतू पूर्णपणे साध्य होणार नाही. [⟶ आनुवंशिकी, पांडुरोग, प्लीहा, हिवताप].