राजीनाम्याच्या आधीची नऊ वर्षं

(परवाच्या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी सावरून घेतली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा भाग म्हणजे खरं तर माझीच एक दुरुस्ती आहे.

मागे एकदा बोलण्याच्या ओघात मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट तीन मिनिटांत उरकली होती. मुंबईत मास्तर होते, हक्काची बढती दुसऱ्याला दिली, यांनी राजीनामा तोंडावर फेकला, बेळगावला गेले, लोखंडी नांगर काढला, पुढे एवढा मोठा कारखाना. संपली गोष्ट, टाळ्या. मलाही सांगताना मजा आली होती.

मग एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. वय २८, पुण्यात नोकरी, रात्री अकरापर्यंत कॉल, अप्रेझलमध्ये दुसऱ्यांदा बाजूला काढलेला, फ्लॅटचा हप्ता चालू. म्हणाला, "दादा, तुमचा तो एपिसोड चार वेळा ऐकला. लक्ष्मणरावपण २८चेच होते ना? मग सोमवारी मी पण पेपर टाकतोय."

माझ्या पोटात गोळा आला. कारण मी सांगितलेलं खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. म्हणून आज उरलेलं अर्धं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. (हो, 'संगीत शाकुंतल'वाले अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे. एका खेड्यातून नाटकही निघालं आणि नांगरही!) पोराला चित्रकला शिकायची होती. वडिलांना ते पसंत नव्हतं. थोरले भाऊ रामुअण्णा मध्ये पडले, पैशाची बाजू त्यांनी सांभाळली, आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांना काही रंगांमधला फरकच कळत नाही. रंगांधळेपणा. आता विचार करा. घरच्यांचं मन मोडून तुम्ही एका गोष्टीसाठी आलात आणि तुमचेच डोळे म्हणतात, हे होणे नाही. त्यांनी रंग सोडले, रेषा ठेवल्या. यंत्रांची चित्रं काढायची, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग, तिकडे वळले. म्हणजे करिअर बदलण्याची पहिली वेळ २८व्या वर्षी नव्हतीच. ती विशीच्या आत येऊन गेली होती. मागच्या वेळी हे मी सांगितलंच नव्हतं.

या ड्रॉइंगच्या जोरावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी लागली. आपलं व्हीजेटीआय. आज ते माटुंग्याला आहे, तेव्हा भायखळ्याला होतं. पगार महिना ४५ रुपये. संस्थेत यंत्रं होती, हाताशी वर्कशॉप होतं. ते नुसते फळ्यावर शिकवत बसले नाहीत, यंत्रं कशी चालतात हे तिथेच शिकून घेतलं. पगार घेऊन केलेली उमेदवारीच म्हणा ना.

आता खरा मुद्दा. १८८८च्या सुमाराला मुंबईच्या रस्त्यावर लक्ष्मणरावांना सायकल दिसली. आज आपल्याला त्यात काय विशेष वाटणार! पण तेव्हा ती श्रीमंतांची चीज होती. त्या काळच्या सायकलींच्या किमती सातशे ते हजार रुपये सांगितल्या जातात. ४५ गुणिले १२, ५४०. वर्षभर न खातापिता पगार साठवला तरी एक सायकल हाती येत नाही. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण विकायला काय हरकत आहे? लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवायचे आणि बेळगावात रामुअण्णा त्या विकायचे. शिवाय गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचे, त्याचे १५ रुपये वेगळे. म्हणजे तीन जणांना सायकल शिकवली की एका मास्तराचा महिन्याचा पगार सुटला! हे दुकान म्हणजे 'किर्लोस्कर ब्रदर्स'. कंपनी आपलं स्थापनेचं वर्ष १८८८ सांगते ते यामुळेच.

१८८८ आणि राजीनामा १८९७. नऊ वर्षं. नऊ वर्षं हा माणूस नोकरीत होता आणि दुसऱ्या गावात त्याच्या भावाच्या हातात एक चालतं दुकान होतं.

१८९७ साली बढतीची वेळ आली. ती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. इथे थोडं थांबायला हवं, कारण हा आपल्यासारखा 'मॅनेजरशी जमत नाही' प्रकार नव्हता. त्या काळातल्या सरकारी-निमसरकारी नोकऱ्यांत हिंदी माणूस किती वर चढणार हे बरंचसं कातडीवर ठरायचं. कंपनी बदलून ते सुटणारं नव्हतं, पलीकडच्या कचेरीतही तेच. आपल्याला निदान दुसरीकडे अर्ज टाकता येतो. त्यांचा राग आपल्यापेक्षा मोठा होता आणि रास्तही होता. त्यांनी नोकरी सोडली. पण सोडून ते गेले कुठे? 'बघू पुढे काय ते' इथे नाही गेले. बेळगावच्या दुकानात गेले.

बरं, तिथे गेल्यावर लगेच नांगर? नाही हो. सायकली विकणं, दुरुस्त करणं, मग कडबा कापायचं यंत्र. पहिला लोखंडी नांगर निघाला १९०३ साली. राजीनाम्यानंतर सहा वर्षं गेली होती, वय ३४. त्याच वर्षी मोठा मुलगा शंतनुराव जन्मला. नांगर तयार, घरात तान्हं मूल आणि गिऱ्हाईक एकही नाही. लोखंडाने जमीन नासते, विष कालवलं जातं असं शेतकऱ्यांना वाटायचं. लाकडी नांगर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला, तो का सोडायचा? त्यांचं तरी काय चुकलं? जमीन त्यांची, वर्षाचं पोट त्यांचं, आणि सांगणारा कोण, तर सायकलवाला. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली.

त्या दोन वर्षांबद्दल मी मागच्या वेळी एक शब्द बोललो नव्हतो. ऐकायला ती कंटाळवाणी असतात ना. रोज सकाळी उठून न खपलेल्या मालाकडे बघायचं, यात सांगण्यासारखं काय?

आणि नांगर खपायला लागल्यावर बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितली. गावाच्या वाढीसाठी ती जमीन हवी होती. कर्ज काढून उभा केलेला कारखाना, आणि आता उचला. तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंधला देवीच्या मंदिराच्या बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी संबंध आलेला होता. बाळासाहेबांनी संस्थानात जागा देऊ केली आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. कुंडल रोड स्टेशनजवळचा सुमारे ३२ एकरांचा माळ, निवडुंग आणि साप. १० मार्च १९१०ला तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. त्या स्टेशनचं नावही आता किर्लोस्करवाडीच आहे. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत होते.

त्या माळावर पुन्हा रामुअण्णा आहेतच. लक्ष्मणराव यंत्रांत, रामुअण्णा वसाहतीच्या व्यवस्थेत. शिक्षणाचे पैसे, सायकलचं दुकान, वाडी. वर्ष कुठलंही घ्या, हा भाऊ हजर आहे. 'एकट्याच्या जिद्दीची कहाणी' असं आपण सर्रास म्हणतो, मीही म्हटलं होतं. ते शब्द मी मागे घेतो.

हे सगळं वाचून काढल्यावर मी त्या श्रोत्याला फोन केला. सोडू नकोस असं म्हणालो नाही. रात्री अकराचे कॉल मी घेत नाही, तो घेतो. तिथलं जगणं असह्य असेल तर १८८८ची वाट बघत बसायला मी कोण सांगणार? फक्त विचारलं, हप्ता किती, हाताशी किती महिन्यांचे पैसे, आणि घरी कोणाला माहितीये?

पहिल्या दोन्हीची उत्तरं त्याच्या एक्सेलमध्ये तयार होती. हप्ता २६ हजार, साठलेले पैसे चार महिने पुरतील. तिसऱ्यावर गप्प झाला.

मग म्हणाला, "ताईला सांगता येईल. ती नाशिकला असते. पण ती ओरडेल."

"ओरडू दे की," मी म्हटलं.

रविवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला. ताई पाऊण तास ओरडली. मग तिने ती एक्सेल शीट मागून घेतली.