कोरिया, चार्ल्स

(१ सप्टेंबर १९३० – १६ जून २०१५). भारतीय वास्तुशिल्पी व नगररचनाकार. घराणे गोव्याचे, जन्म सिकंदराबादचा. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ व एमआयटी येथे शिक्षण. १९५८ पासून मुंबईत व्यवसाय. साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयाने (१९६३) नाव झाले. प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी मांडलेल्या कल्पनेतून नवी मुंबई आकाराला आली. पद्मविभूषण (२००६).

आपल्याकडे माणूस ओट्यावर, अंगणात, गच्चीवर दिवसाचा बराच वेळ काढतो. म्हणून उघड्या आभाळाखालची जागा हीदेखील घराची खोलीच, असे कोरिया मानत. हा विचार सर्वांत मोकळेपणाने उतरला तो भोपाळच्या भारत भवनात (उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२). श्यामला टेकडीचा उतार मोठ्या तलावाकडे जातो आणि वास्तू त्या उतारातच बसवली आहे. रस्त्यावरून इमारत अशी दिसतच नाही. दिसतात त्या गच्च्या, कठडे आणि पलीकडचे पाणी. पायऱ्या उतरू लागले की एकामागून एक चौक लागतात आणि दालने, रंगमंच, ग्रंथालय त्यांच्याभोवती उलगडत जातात. गच्चीवरच्या काँक्रीटच्या झरोक्यांतून दालनांत वरून उजेड येतो. चौकाकडच्या बाजूला आतून काचा व उघडझाप करता येणारी तावदाने, तर बाहेरून रात्री लावायची मोठी लाकडी दारे. शासकीय वास्तूने दर्शनी थाट असा सोडून द्यावा, हे धाडसच होते. येथील ‘रूपंकर’ संग्रहालयात चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी आदिवासी कला आणि आधुनिक कला यांना बरोबरीचे स्थान दिले. जनगढसिंह श्याम या गोंड चित्रकाराची कला येथूनच जगापुढे आली.

भोपाळमध्येच अरेरा टेकडीवर कोरियांनी उभारलेले मध्य प्रदेश विधान भवन (१९९६) बाहेरून गोल, आत नऊ भागांत विभागलेले. घुमट सांचीच्या स्तूपाची आठवण देतो. या भवनाला १९९८ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. तरीही तेथे प्रतीके जरा ठळक झाली आहेत. भारत भवनाची सहजता त्याला नाही.

ती सहजता मराठी वाचकाला जवळ अनुभवायची, तर कोरियांचीच पणजीची कला अकादमी पाहावी. तेथेही दर्शनी भिंतीचा अडसर नाही: प्रवेशाशी मोठा मांडव आहे आणि त्याखालून तिकीट नसलेला माणूसही थेट मांडवी नदीच्या काठापर्यंत जाऊ शकेल, अशीच तिची रचना आहे.