दावे कोणाचे, खुंटा कोणाचा?

खेड्यातल्या लहानशा घरसंसाराचे एक ठरीव चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि ललित साहित्यातून पिढ्यान्‌पिढ्या रंगवले गेले आहे. सारवलेले अंगण, खुंट्याला शेळी, उकिरड्यावर कोंबड्या आणि ओसरीला काहीतरी वळत बसलेला म्हातारा. हे घर आपल्या गरजा आपणच भागवते आणि गाव गावाच्या, असे या चित्रातून सुचवायचे असते. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० साली हिंदुस्थानातील खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा त्या कल्पनेला नैतिक तेजही चढले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच मेटकाफचा दाखला घेऊन खेड्याच्या या गौरवाचा समाचार घेतला, आणि मसुद्यात गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केले. ते भाषण आपण सभांतून पुष्कळदा सांगतो. पण बहुधा वेशीपाशीच थांबतो. तोच विचार मांगवाड्यातल्या एका अंगणापर्यंत नेला, तर काय दिसते?

मांगाच्या घराचे अंगण मुद्दाम घेतले आहे. कारण वर वर्णन केलेल्या चित्रात जे जे असते ते सारे तिथे होते. जनावर होते, हस्तकौशल्य होते, घरातल्या लहानथोरांचे एकत्र कष्ट होते. नव्हती ती एकच गोष्ट: यांतल्या कशावरही त्या घराची मालकी.

आधी दोराचे पाहू. दोर वळणे हे देशावरच्या मांग जातीकडे परंपरेने आलेले काम. त्यासाठी वाख लागे. तो अंबाडीचा असे, तागाचा असे, नाहीतर बांधाबांधाला वाढणाऱ्या घायपाताचा असे. अंबाडी पिकवायला शेत हवे आणि मांगाकडे शेत नाही. म्हणजे ती शेतकऱ्याकडून यायची. काढलेल्या अंबाडीच्या पेंढ्या बांधून ओढ्याच्या खालच्या अंगाला पाण्यात कुजत घालायच्या. वरून दगड ठेवायचे. काही दिवसांनी साल सुटली की कमरेइतक्या घाण पाण्यात उभे राहून ती सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. त्या पाण्याचा वास अंगाला आणि कपड्यांना धुऊनही जात नसे. घायपाताची पाने ठेचून वाख काढताना त्याचा रस हाताला लागून कातडी खाजत राही. हे काम बायकांचे आणि पोरांचेही होते. ओसरीवर दोर वळणारा म्हातारा आपल्याला चित्रात दिसतो. पाण्यात उभी असलेली बाई दिसत नाही.

मग पीळ. तीन पदर निरनिराळे पिळायचे आणि उलट्या पिळाने एकत्र वळायचे. पिळाला उलटा पीळ बसला की दोर आपोआप सुटत नाही. हे बोलायला सोपे आहे. पण कोणत्या दोराला किती पीळ द्यायचा हे शास्त्र हाताला कळावे लागते. मोटेचा नाडा जाड आणि ओझे पेलणारा हवा, तर मोटेच्या सोंडेचा सोंदूर बारीक आणि लवचिक. बैलाच्या नाकातली वेसण मऊ हवी, नाहीतर नाक सोलते. कासरा हाताला रुतता कामा नये. दावे, मुसकी, शिंकी, गोफणी, बाजेचे सुंभ, प्रत्येकाची वीण आणि माप वेगळे. नांगरटीपासून मळणीपर्यंत शेतीचे एकही काम दोरावाचून होत नव्हते. बागायत तर सारी नाड्यावर लोंबकळत होती. या ज्ञानाला कोणी विद्या म्हटले नाही, कारण ते ज्यांच्या हातात होते त्यांना विद्येचा अधिकार नव्हता.

आणि विहिरीपाशी काय घडे तेही पाहा. मांगाने वळलेल्या नाड्याचे टोक मोटेबरोबर दिवसातून शेकडो वेळा त्या विहिरीत उतरे, त्या पाण्यात भिजे. त्याने विहीर बाटत नसे. परंतु तो नाडा वळणाऱ्याला त्या विहिरीवर घागर बुडवण्याची मुभा नव्हती. केरसुणीचीही तीच कथा. शिंदीच्या पानांची केरसुणी मांगाची बाई बांधी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्याच केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहिले जाई. तिला बांधणारी मात्र उंबऱ्याबाहेरच उभी राही. वस्तू शुद्ध आणि ती घडवणारा हात अशुद्ध, ही जातिव्यवस्थेची किमया आहे. घामाचे फळ तेवढे घ्यायचे आणि घाम गाळणाऱ्याला दूर ठेवायचे, यासाठी याहून सोयीचा धर्म सापडणे कठीण.

या दोरांची किंमत काय मिळे? बाजारातली नव्हे. मांग हा बलुतेदार. वर्षभर लागेल तो दोर पुरवायचा आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्य मागायचे. पोळ्याच्या, बेंदराच्या आधी गावातल्या बैलांना नवी वेसण, नवे कासरे, नवी दावी द्यायची. सणाला पोळीचा तुकडा घ्यायचा. किती दोर म्हणजे किती धान्य, हा हिशेब कागदावर कुठे नव्हता. तो खळ्याच्या धन्याच्या मर्जीत होता. पीक बुडाले तर बलुते बुडाले. दोर मात्र द्यावाच लागे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गाव-गाडा’ (१९१५) हे या व्यवस्थेचे मोठे बारकाईचे पुस्तक आहे. पण त्यातला डोळा कुणब्यावर पडणाऱ्या ओझ्याचा हिशेब करतो. खळ्याच्या दुसऱ्या बाजूला झोळी घेऊन उभा राहणारा माणूस वर्षभर काय देऊन चुकला आहे, हा हिशेब आपल्यालाच मांडावा लागणार आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणात दाखवून दिले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. मांगाचा दोर हे त्याचे चालतेबोलते उदाहरण होय. जो कारागीर आपला माल कोणाला द्यायचा, किती घ्यायचे, की तो धंदाच सोडायचा हे ठरवू शकत नाही, त्याच्या कामाला हस्तव्यवसाय म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. ती कौशल्याच्या रूपातली वेठ होती.

आता खुंट्याला बांधलेल्या जनावराकडे वळू. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. पण मांगवाड्यातल्या खुंट्यावरची शेळी पुष्कळदा गरिबाची नसेच. ती गावातल्या कोणाची तरी अर्धलीने पाळायला घेतलेली असे. शेळी त्याची, राखण आपली. चारणे, पाजणे, आजारपण आपले. होणाऱ्या करडांत मात्र निम्मा वाटा त्याचा. वाटणीचे नियम गावोगाव वेगळे होते, पण पाळणाऱ्याच्या श्रमाची किंमत वाट्यात धरायची नाही हे सगळीकडे सारखे. दावे आपल्या हातचे, खुंटा आपल्या अंगणातला, आणि दाव्याला बांधलेले जनावर दुसऱ्याचे! घर म्हणजे धन्याच्या गोठ्याची एक बिनखर्चाची शाखाच झाली.

तरीही या जनावरांत एक वाट होती आणि ती बाईने शोधून काढली. वाट्याला आलेल्या करडाची पाट वाढवून, कोंबडीची अंडी साठवून, ती बाजाराच्या दिवशी विकून तिने चार पैसे गाठीला बांधले. खळ्यावरचे धान्य मर्जीने मिळे. शेळीचे पैसे बाजारभावाने मिळत. गावगाड्याच्या बाहेरचा, रोख आणि हक्काचा म्हणावा असा हा पहिला पैसा. पोराची पाटी, सुईणीचे देणे, मुंबईला जाणाऱ्या मुलाचे गाडीभाडे हे त्यातून निघाले. आपल्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या मोजतो, ते योग्यच आहे. पण त्याआधीची एक शिष्यवृत्ती खुंट्याला बांधलेली होती, तिची नोंद कोण करणार?

घराघरांतल्या या उलाढालीची कहाणी १९२७ नंतर वेगळे वळण घेते. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि हलकी कामे सोडण्याचे आवाहन केले. महारवाड्यांतून ते मोठ्या निष्ठेने पाळले गेले. या निर्धाराची सामाजिक बाजू आपण अभिमानाने सांगतो. त्याची चुलीपाशी मोजली गेलेली किंमत क्वचितच सांगतो. वाळवून ठेवलेल्या चान्या हा उपासमारीच्या महिन्यांतला आधार होता. तो एका ठरावाने सुटला आणि त्याच्या जागी गावाने दुसरे काही दिले नाही. उलट अनेक ठिकाणी बहिष्कार घातला. ती रिकामी जागा बायकांनी रानभाजीने, मोलमजुरीने आणि स्वतःच्या उपाशी पोटाने भरून काढली. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) यासाठी पुन्हा वाचले पाहिजे. चळवळीचा इतिहास घराच्या आतून कसा दिसतो हे त्यातून कळते. आणि त्याही मागे जायचे तर १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी, फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे आहे. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परही नाही, हे तिने तेव्हाच सांगून ठेवले होते.

पुढे गावगाडा मोडला तो क्रांतीने नव्हे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. विहिरींवर इंजिने आणि मागून विजेचे पंप आले. मोट थांबली आणि नाडा निकामी झाला. मग बाजारात नायलॉनचा दोर आला. तो कुजत नव्हता आणि त्याच्यासाठी खळ्यावर धान्य द्यावे लागत नव्हते. वेठ संपली हे चांगलेच झाले. पण वेठ संपताना हाताला दुसरे काही मिळाले नाही. जमीन मिळाली नाही, भांडवल मिळाले नाही, आणि दोराचा कारखाना काढायला मांगाला कोणी बोलावले नाही. १९७२ च्या दुष्काळात उरलीसुरली जनावरे विकली गेली आणि माणसे खडी फोडायला गेली. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांचे मर्म इथे उलगडते. जमिनीची मागणी ही केवळ पोटाची मागणी नव्हती. शेळी आपली व्हायची तर तिला चरायला हक्काचे रान हवे, हा साधा व्यवहार तिच्यामागे होता. गायरानांसाठी दलितांनी दिलेले पुढचे लढेही याच खुंट्यापासून सुरू होतात.

आज शहरी सुशिक्षितांना पुन्हा अंगण, शेळ्या आणि हातविणीच्या वस्तूंची ओढ लागली आहे. ती ओढ वाईट नाही. पण ज्यांनी ते अंगण भोगले त्यांना तिथे परत जा म्हणून कोणी सांगू नये. त्याचबरोबर आपल्या तरुणांनीही त्या साऱ्या ज्ञानाची लाज धरून ते फेकून देऊ नये. धंद्याची सक्ती नाकारायची. त्या धंद्यातली बुद्धी नाकारायची नाही. पिळाला उलटा पीळ देऊन दोर घट्ट करणारा माणूस अडाणी नव्हता, त्याला अडाणी ठेवले होते.

म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापुढे एक काम आहे. दोर वळणारे हात आता थोडे उरले आहेत, आणि अर्धलीच्या शेळ्या राखलेल्या म्हाताऱ्या त्याहून थोड्या. त्यांच्याकडे जाऊन विचारले पाहिजे: वर्षाला किती दोर दिलात, खळ्यावर काय मिळाले, पहिले करडू विकून काय घेतले? अवजारांची नावे, पिळांची नावे लिहून घेतली पाहिजेत. सरकारी दप्तरात मांगाचे नाव एक तर बलुत्याच्या यादीत सापडते, नाहीतर गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालच्या हजेरीत. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आपला इतिहास मात्र अजून त्या दोन दप्तरांतच अडकला आहे.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण गावाने कुचेष्टेने वापरली. सुंभ कोणी वळला आणि कोणी जाळला, हे मात्र तिच्यात सांगितलेले नाही. ते आता आपण सांगायचे आहे.